घोड्याचे बत्तिसावे दर्शन

१

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी सुताराने डब्याचे दार ओढले, तेव्हा दाराला आतून टेकलेला माणूस त्याच्या पायांवर येऊन पडला. शरीर गार पडू लागले होते. त्या गृहस्थांना सगळे युनिट कोठीकाका म्हणत असे, कारण अवकाशयानाच्या त्या मालिकेत लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची कोठी गेली चार वर्षे त्यांच्या ताब्यात होती.

डबा म्हणजे यानाच्या देखाव्यातील एक लहान दालन. अंतराळवीर यानाबाहेर पडण्यापूर्वी तेथे थांबतो, अशी कल्पना. बाकीचे सारे यान प्लायवूडचे होते. डबा मात्र जाड पत्र्याचा, जमिनीपेक्षा तीन पायऱ्या खोल, एक गोल काच असलेला आणि रबरी पट्टीच्या घट्ट दाराचा. दाराची कडी बाहेरून होती. दार मिटल्याचा आवाज खरा हवा, असा दिग्दर्शकाचा आग्रह होता.

डब्याबाहेर एक पिंप असे. त्यातील गरम पाण्यात कोरडा बर्फ टाकला की दाट पांढरे धुके उठते आणि नळीवाटे आत जाते. पडद्यावर ते सुंदर दिसते. परंतु त्या धुक्याबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तो हवेहून जड असल्यामुळे खोलगट जागेत विहिरीतल्या पाण्यासारखा साचतो. कोठीकाका त्या विहिरीत बुडाले होते.

धुके करण्याचे काम एकट्या माणसाचे होते. बर्फाच्या पेटीची किल्लीही त्याच्याकडेच असे. त्या धुरवाल्याला संध्याकाळीच अटक झाली. तो माझा सख्खा भाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्या दारात उभी राहिली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"जन्मभर कारखान्यांत कोण कसं मेलं ते सांगत हिंडलास. आता माझ्या लेकानं कुणाला मारलं नाही, एवढंच सांग."

"आधी पाहतो, अक्का. मग सांगतो."

"आधी सांग! मग काय पाहायचं ते पाहा."

मी सुरक्षा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो होतो. टाक्या, भुयारे आणि भट्ट्यांतील दोनशेहून अधिक मृत्यूंचे अहवाल मी लिहिले होते. तपास अधिकारी मला त्यामुळे ओळखत होते. त्यांनी मला बसवले, चहा मागवला आणि खेदाने मान हलवली.

"तुमच्या भाच्याविरुद्ध साक्ष देणारा माणूस असता, तर उलटतपासणीत डगमगला असता. इथे साक्षीदार आहे लाकडाचा घोडा. तो कसला डगमगतोय?"

२

त्या घोड्याची हकिगत सांगणे भाग आहे.

मालिकेतील कप्तान आपल्या मृत भावाबरोबरचा बुद्धिबळाचा अर्धवट डाव यानावर घेऊन निघतो. त्या डावातील पांढरा घोडा प्रत्येक भागात कोठे ना कोठे दिसतो, आणि ज्या वस्तूवर तो दिसतो तिच्यावर पुढे संकट येते. प्रेक्षकांनी त्याच्या दर्शनांच्या याद्या केल्या होत्या. प्रसारित झालेल्या सहा भागांत अशी अठरा दर्शने होती. घोडा कोठीकाकांनी स्वतः कोरला होता आणि त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत.

"आता वेळा ऐका," अधिकारी म्हणाले. "सव्वादोन ते तीन दहा, तुमचा भाचा मागच्या फाटकावर बर्फाची गाडी उतरवून घेत होता. चालक तसं सांगतो, पावतीवर वेळ आहे. मृत्यू दोन ते चारच्या दरम्यान. डॉक्टर याहून बारीक सांगत नाहीत. काका तीनच्या आधी गेले असते, तर भाचा सुटलाच होता."

"आणि?"

"तीन वीसला शेवटच्या, म्हणजे बाराव्या भागाचं एक दृश्य घेतलं गेलं. रिकामी खुर्ची, पट आणि पटावर घोडा. कॅमेऱ्यात वेळ नोंदली आहे. दिग्दर्शक म्हणतात, सव्वातीनला काकांनी स्वतः येऊन घोडा ठेवला. नोंदी ठेवणारी वहीवाली बाई तेच म्हणते. आणि घोड्याला काकांशिवाय कोणी शिवत नाही, हे तर स्वयंपाक्यापासून सगळ्यांना ठाऊक. म्हणजे सव्वातीनला काका जिवंत होते. त्यानंतर ते अंतराळवीराचं शिरस्त्राण टांगायला डब्यात उतरले. तुमच्या भाच्यानं आत न बघता कडी घातली आणि पिंपात बर्फ ओतला."

"कशासाठी?"

"चाचणीसाठी, असं आम्ही समजतो. तो नाही म्हणतो. पण पेटीला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. दुसरं कोण ओतणार?"

त्यांनी मृताच्या वस्तूंचे छायाचित्र पुढे सरकवले. चष्मा, मोजपट्टी, घडी केलेला रुमाल आणि तळहातात मावेल एवढा पांढरा घोडा.

"हा घोडा त्यांच्याजवळ होता?"

"शर्टाच्या खिशात. असतील की दोन-चार. कोठीवाल्याकडे सामान नसेल तर कुणाकडे असेल?"

मी भिंग मागून घेतले. घोड्याच्या डाव्या कानाच्या मुळाशी केसाएवढी एक काळी रेघ होती. तिचा अर्थ मला त्या क्षणी लागला नाही.

३

भाचा कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. वय चौतीस, एका दिवसात त्याचा चेहरा पन्नाशीचा झाला होता.

"मामा, मी कडी घातली नाही. मी तीन दहाला आत आलो, नवा बर्फ शेडमध्ये रचत बसलो. डब्याकडे फिरकलोसुद्धा नाही."

"पेटीला कुलूप होतं?"

"होतं."

"तू स्वतः लावलंस?"

"शपथ घेऊ का आता?" तो चिडून म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

शूटिंगच्या गोदामात कॅमेरामन पेटीवर बसून भिंगे पुसत होता. माणूस बोलका.

"आमच्याकडे सगळं उलटं, साहेब. शेवटचा भाग आधी, सातवा नंतर. लग्नाआधी बारसं! एक देखावा उभा केला की त्यात घडणारं सगळं एकदम उरकायचं. सकाळी सातव्या भागाचं एक दृश्य घेतलं, दुपारी बाराव्याचं. डोकं ठिकाणावर ठेवायला आमची वहीवाली आणि काका, दोघंच."

"तीन वीसचं दृश्य तुम्ही घेतलंत?"

"मीच. अडीचला जेवायची सुट्टी होती, मी कँटीनमध्ये होतो. आलो तेव्हा घोडा पटावर होता."

"ठेवणारा कोणी पाहिलात?"

"नाही. पण घोडा आपोआप चालत येत नाही. तो आला म्हणजे काका येऊन गेले."

"चित्रणाच्या वेळी दिग्दर्शक नेहमी असतातच?"

"अकराव्या भागाला नव्हते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या दिग्दर्शकानं तो भाग उरकला. बाकी सगळीकडे हेच. पाहुण्याच्या हातानं चटणी वाटलेली यांना खपत नाही."

दिग्दर्शक उंच, शिष्ट आणि झोप न झालेले होते. त्यांनी उत्तरे आधीच जुळवून ठेवल्यासारखी दिली.

"काका आले. घोडा रुमालानं पुसला, पटावर ठेवला, एक पाऊल मागे जाऊन पाहिलं आणि गेले. त्यांची पद्धतच ती."

"आणि अडीच वाजता आपण कोठे होता?"

"इथेच, मजल्यावर. मी दुपारी जेवत नाही."

"एकटेच?"

"वही घेऊन ती होती." त्यांनी घड्याळ पाहिले. "भाचा आपला आहे, दुःख मी समजू शकतो. पण किल्ली त्याच्याकडे होती ना?"

किल्लीचा उल्लेख मी केलेला नव्हता.

वहीवाली म्हणजे सातत्य सांभाळणारी सहायिका. कोणत्या दृश्यात पेला किती भरलेला होता, कोणाचे बटण उघडे होते, हे सारे ती टिपून ठेवते. तीन वीसच्या दृश्याचे तिचे पान मी मागितले. तिने ते दोन्ही हातांनी धरून दाखवले. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. घोड्यापुढे लिहिले होते: "कान जोडलेला."

"म्हणजे काय, बाई?"

"पटकथेत तसं आहे," ती म्हणाली. वही तिने लगेच मिटली.

"पटकथेत काय आहे ते नाही विचारलं. पटावर काय होतं?"

ती उठून गेली. जाताना तिची खुर्ची पडली, तीही तिने उचलली नाही.

४

कोठीकाकांच्या पत्नीने मला स्वयंपाकघरातच बसवले. घर एवढे व्यवस्थित होते, की तिथे मृत्यू झाल्याची खूण म्हणजे खुंटीवरचा एक सदरा, एवढीच. मी नाते लपवले नाही.

"मी त्या धुरवाल्याचा मामा. नको असेन तर जातो."

"बसा. यांना तो मुलगा आवडायचा. म्हणायचे, धांदरट आहे पण मनाचा चांगला." तिने पाण्याचा पेला ठेवला. "काय हवंय तुम्हाला?"

"घोडे किती होते?"

"तीन." तिने क्षणभरही विचार केला नाही. "याच टेबलावर कोरले. एक साबूत. सहाव्या भागात यानाला तडा जातो आणि घोडा पडून त्याचा कान तुटतो, म्हणून दुसरा कानतुटका. तो एक कान मनासारखा तोडायला दोन दिवस लावले यांनी. मी म्हटलं, एवढ्या वेळात माझी विळी तरी लावून दिली असती."

"आणि तिसरा?"

"अकराव्या भागात कप्तान तो कान डिंकानं जोडतो. तो अजून दाखवलेला नाही. त्याच्यासाठी कान जोडलेला. रेघ दिसली पाहिजे पण ओरडली नाही पाहिजे, असं म्हणत होते."

तिने फडताळातून एक जाड वही आणली. घोड्याची प्रत्येक उपस्थिती तीत क्रमाने नोंदलेली होती आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने काढलेले छोटे चित्र होते. पहिली: नियंत्रण-फळीवर, तरफेजवळ. नववी: भारहीन अवस्थेत, दोऱ्याने टांगून. सतरावी: कान तुटला. पंचविसावी: मेलेल्या वैद्याच्या रिकाम्या बिछान्यावर. मी तासभर एकेक ओळ वाचली. एकोणतिसाव्या नोंदीपुढे लाल शाईने लिहिले होते: "कान जोडला. येथून शेवटपर्यंत हाच."

बत्तिसावी नोंद मृत्यूच्या आदल्या दिवशीच करून ठेवलेली होती. पट, रिकामी खुर्ची. चित्रातल्या घोड्याला दोन कान होते आणि डाव्या कानाशी बारीक रेघ होती.

"यांनी घरात वाटी कधी चुकीच्या जागी ठेवली नाही हो," ती म्हणाली.

मी तपास अधिकाऱ्यांना दूरध्वनी करून एवढेच सांगितले: तीन वीसचे ते दृश्य मोठ्या पडद्यावर लावून ठेवा.

५

पडद्यावर रिकामी खुर्ची, पट आणि घोडा. त्या घोड्याला एकच कान होता.

"आता पाहा," मी म्हणालो. "या दृश्यात कान जोडलेला घोडा हवा होता. तो कोठीकाकांच्या खिशात होता. तुमच्याच छायाचित्रात त्याच्या कानाशी रेघ दिसते. ते सव्वातीनला पटापाशी आले असते, तर खिशातला योग्य घोडा तसाच ठेवून चुकीचा का मांडला असता? एकतीस वेळा न चुकलेला माणूस, आदल्या दिवशी चित्र काढून ठेवलेला माणूस!"

"म्हणजे ते आलेच नव्हते."

"येण्याच्या स्थितीत नव्हते. सकाळी सातव्या भागाचे दृश्य झाले होते. त्याचा कानतुटका घोडा सामानाच्या तबकात पडून असणार. कोणीतरी तो उचलून पटावर ठेवला. अकराव्या भागातले कान जोडणे ज्याच्या हाताखालून गेलेच नाही, असा माणूस."

"ऑपरेशन," अधिकारी पुटपुटले.

"दिग्दर्शक. आणि जो घोडा स्वतः ठेवतो तोच म्हणतो की काकांनी ठेवला, तेव्हा त्याला काका तोपर्यंत जिवंत हवे असतात. आता वहीवालीचे पान घ्या. पटावर कानतुटका असताना तिने 'कान जोडलेला' लिहिले. पाहून लिहिले असते तर असे झाले नसते. ते पान नंतर पटकथेवरून नव्याने लिहिलेले आहे. जुन्या पानावर अडीच वाजताचे काहीतरी असावे, जे राहू द्यायचे नव्हते."

अधिकाऱ्यांनी पडदा बंद केला. मग त्यांनी टेबलावर बोट ठेवले.

"सगळं पटतं. पण अडीचला तुमचा भाचा फाटकावर होता. पेटीला कुलूप होतं, असं तो स्वतः लिहून देतो. मग दिग्दर्शकानं बर्फ काढला कुठून? कुलूप जाग्यावर असेल तर तुमचा सगळा डोलारा कोसळतो."

मी तडक अक्काच्या घरी गेलो.

"त्यानं मला खोटं सांगितलंय, अक्का. कुलपाबद्दल."

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मीच सांगितलं त्याला तसं. अटक व्हायच्या आधी. किल्ली पेटीलाच राहिली म्हणालास तर तुझ्याच गळ्यात धोंडा, असं म्हटलं. चुकलं?"

"तोच धोंडा त्याला बुडवतोय. कुलूप होतं म्हटलं की बर्फ ओतणारा तो एकटाच उरतो."

तिचे हात आता थांबले.

"आणि नव्हतं म्हटलं तर?"

"तर कडी घातल्याचा आरोप जाईल. पण किल्ली सोडून गेल्याचा राहील. तोही लहान नाही. हे काम त्याला पुन्हा कोणी देणार नाही, आणि शिक्षाही होईल."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि तू सांगणार त्याला, उडी मार म्हणून."

"मी विचारणार आहे. उत्तर तो देईल."

कोठडीत मी भाच्याला त्या दृश्याबद्दल, तीन घोड्यांबद्दल सर्व सांगितले. तो ऐकत राहिला. शेवटी मी विचारले, "किल्ली कोठे होती?"

"पेटीलाच," तो म्हणाला. "गाडीवाला भोंगा वाजवत होता, मामा. म्हटलं दोन मिनिटांत येतो. किल्ली काढून खिशात टाकली ती परत आल्यावर." त्याने कपाळ गजांना टेकले. "तुम्हीच शिकवलं होतं मला. धोक्याची वस्तू सोडून जायचं नाही."

त्याचा नवा जबाब अधिकाऱ्यांनी वहीवालीपुढे ठेवला, घोड्याच्या चित्रासह. तिने तो पूर्ण वाचलाही नाही.

"साहेबांना गोल काचेतून धुक्यातलं शिरस्त्राण बघायचं होतं," ती म्हणाली. "धुरवाल्यासाठी थांबूया म्हटलं, तर म्हणाले पेटी उघडीच आहे. काका शिरस्त्राण टांगायला उतरले. मी पान उलटत होते. साहेब म्हणाले, दार. मी विचारलं, आत मोकळं? म्हणाले, मोकळं. कडी मी घातली. त्यांनी सगळा बर्फ एकदम पिंपात ओतला."

"आवाज आला नाही?"

"पिंप उकळत होतं. मग काचेतून नुसतं पांढरं दिसायला लागलं. साहेब वैतागले, राहू दे म्हणाले, आम्ही पटाकडे गेलो. काका दिसेनात, तर म्हणाले कोठीत असतील. त्यांनीच तबकातला घोडा ठेवला. मी म्हटलं, हा तो नाही. म्हणाले, कुणाला कळतंय?" तिने पदर तोंडावर धरला. "सुतार ओरडला तेव्हा आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. मग त्यांनी मला पान नव्याने लिहायला लावलं. मी लिहिलं."

६

दिग्दर्शक आणि वहीवाली यांना त्याच दिवशी ताब्यात घेतले गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा जामिनावर बाहेर आला. त्याच्यावरचा मोठा आरोप गळून पडला होता, निष्काळजीपणाचा कायम होता. अक्का फाटकाशी उभी होती. तिने त्याच्या गालाला हात लावला, माझ्याकडे पाहिले नाही.

"घरी चल."

"आधी काकूंकडे जायचंय, आई."

"वेडा झालास का? ती तुला उभा करील?"

"नाही केलं तर येईन परत."

अक्का रस्त्यातच मागे राहिली. आम्ही दोघे गेलो. दार उघडले तेव्हा काकूंच्या हातात पोतेरे होते. त्या फरशी पुसत होत्या. त्यांनी त्याला ओळखले आणि कडेला सरल्या. तो उंबऱ्याच्या आत आला, पण बसला नाही.

"किल्ली मी पेटीला ठेवून गेलो होतो, काकू. कुलूप होतं म्हणून खोटं बोललो."

त्यांनी पोतेरे बादलीत टाकले. पदराला हात पुसले.

"मला एकच सांगा कुणीतरी," त्या म्हणाल्या. "यांना कळलं असेल का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते. ते मी आजवर पुष्कळ घरांत दिले होते: लगेच शुद्ध हरपते, काही जाणवत नाही. मी तोंड उघडणार, तोच भाचा बोलला.

"कळलं असेल, काकू. ते पायऱ्या चढून दारापर्यंत आले होते."

मी डोळे मिटून घेतले. काकूंनी टेबलाजवळची खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

तो बसला, आणि गाडीवाल्याने भोंगा वाजवला तेथून त्याने सांगायला सुरुवात केली.